सोमवारची पिशवी

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आकांक्षाच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर वाफ आली. झालं ते एवढंच. वाफ काचेच्या खालच्या कडेपासून बोटभर वर चढली, श्वास आत घेताच विरली, श्वास सोडताच पुन्हा चढली. हात वॉर्डाच्या दाराच्या कडीवर होता आणि पलीकडून ओळखीचा खोकला ऐकू येत होता. सहा नंबरच्या मोतीरामचा. आधी कोरडा, मग खोलवरून काहीतरी खरवडून आणणारा. आकांक्षानं कडीवरचा हात काढून घेतला. अमरावतीत वलगाव रस्त्यावर असलेल्या या छातीच्या दवाखान्यात, क्षयाच्या पुरुष वॉर्डात ती नर्स म्हणून लागली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि दोन वर्षांत तिच्या चष्म्यावर वाफ आली नव्हती. मास्क लावायची तिची रीत ठरलेली होती. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच, खालचा मानेवर. नाकावरची पत्र्याची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी एकाच वेळी दाबायची, एका हाताच्या चिमटीनं नाही. मग दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडायचा आणि गालांच्या कडेला झुळूक लागते का ते बघायचं. झुळूक लागली म्हणजे फट आहे, आणि फट असलेला मास्क म्हणजे तोंडावर बांधलेला नुसता शोभेचा कपडा. आज तिनं हे सगळं केलं होतं. केलं होतं ना? पहाटे पाचच्या गारठ्यात अकोल्याहून निघालेल्या बसमधून उतरून ती थेट इथं आली होती. तळवे मास्कवर धरल्याचं तिला आठवत होतं. झुळूक लागली की नाही, ते मात्र आठवत नव्हतं.

ती मागे फिरली. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांची ओळ होती आणि प्रत्येक नर्सच्या नावाखाली सहा खाकी कागदी पिशव्या टांगलेल्या होत्या, सोमवार ते शनिवार. एका दिवशी एक मास्क वापरायचा, पिशवीत ठेवायचा आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा काढायचा. मधल्या दिवसांत तो कोरड्या हवेत सुकतो आणि त्यावर बसलेलं जे काही असेल ते मरतं. मास्क इतके कमी मिळत की दुसरा मार्ग नव्हता, आणि आकांक्षाला ही पद्धत मनापासून आवडायची. पिशव्यांवर वारांची नावं तिनंच ठळक अक्षरांत घातली होती. आता पट्ट्याला धरून तिनं सोमवारचा मास्क उतरवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. नाकावरची पट्टी तिच्या नाकाची राहिली नव्हती. तिचं नाक सरळ आणि अरुंद. ही घडी रुंद होती, मध्ये बसकी. आतल्या बाजूला, डाव्या नाकपुडीच्या जागी, कापडाचे दोन-तीन तंतू ओढले गेले होते, एखाद्या खड्यात अडकून सुटावेत तसे. खालचा पट्टा सैल पडला होता आणि त्याला एक हिरवा सुती दोरा चिकटला होता. मग तिला वासही कळला. सुपारी, चुना, तंबाखू. खर्रा. हा वास गेली पाच मिनिटं तिच्या नाकात होता, आणि बसमधलं काहीतरी अंगाला लागून आलं असेल असं समजून तिनं तो सोडून दिला होता. कोणीतरी आपल्या अंथरुणात झोपून, अंथरूण नीट झटकून, घडी घालून निघून गेलं आहे, असं तिला वाटलं.

हिरव्या साड्या सफाईच्या सगळ्याच बायकांच्या होत्या. खर्रा त्यातल्या तिघी खात. पण डाव्या नाकपुडीत खड्याची चमकी एकाच बाईच्या होती, केशरबाईच्या, आणि ती रविवारी कामावर असे. रविवारी आकांक्षा अकोल्याला असे.

कालचा रविवार. मोठी बहीण आरती, तिचा चार महिन्यांचा अंकुर, आणि आरतीकडेच राहणारी आई. आकांक्षा तिथं गेली की आधी आंघोळ करायची, केस धुवायची, पिशवीतले कपडे वेगळ्या बादलीत टाकायची आणि मगच खोलीत यायची. तरीही अंकुरला ती मांडीवर घ्यायची ते त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला करून. आई काल म्हणालीच, "त्या लेकराले घेऊन राहिली का पार्सल? तोंड तं दाखव त्याले मावशीचं." आरती हसली. आकांक्षाही हसली, आणि पहिल्यांदाच तिनं त्याला वळवून छातीशी धरलं. त्याच्या टाळूचा वास, तिच्या गळ्यावर त्याचा ओला श्वास. किती वेळ? दहा मिनिटं, पंधरा. आता खिडकीपाशी उभं राहून ती त्या पंधरा मिनिटांचा हिशोब करू लागली आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण हिशोब करायला हवा होता तो सोमवारांचा. मास्क कालच पहिल्यांदा वापरला गेला असं कशावरून? मागच्या सोमवारी वाफ आली नाही, पण वाफ येण्याइतकी मोठी नसलेली फटही असतेच. तळवे तर ती रोज धरत होती. देवासमोरून जाताना हात छातीला लागावा तसे. सवय लागली की हात काम करतात आणि डोकं दुसरीकडे असतं. जी रीत आपल्याला वाचवते, तिच्याच सवयीनं आपण आंधळे होतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

शिकवलेलं मात्र पुष्कळ होतं. दर्यापूरजवळच्या त्यांच्या गावातल्या घरात आजोबा, सूर्यभान पाटील, मागच्या खोलीत खोकत असायचे तेव्हा ती सात वर्षांची होती. घरानं त्यांच्यासाठी एक ग्लास वेगळा ठेवला होता. त्याच्या कडेला खिळ्यानं खूण पाडलेली होती, म्हणजे चुकून कोणी उचलू नये. त्यांचं ताट वेगळं, त्यांचा टॉवेल वेगळ्या दोरीवर. आणि आजोबांना थंडी वाजू नये म्हणून खोलीच्या एकुलत्या खिडकीत कापसाचं पोतं घट्ट कोंबलेलं. त्या बंद खोलीत आकांक्षा रोज संध्याकाळी त्यांच्या पायाशी बसून पाढे म्हणायची. ग्लासला हात लावायचा नाही, एवढं सांभाळून. पुढं कॉलेजात, क्षयाचा जंतू ग्लासावरून नाही, हवेतून जातो, बंद हवेत तासन् तास तरंगत राहतो, हे वाचलं त्या दिवशी तिनं पुस्तक मिटून ठेवलं होतं. घरानं सगळी काळजी घेतली होती, नेमानं, वर्षभर, आणि सगळी चुकीच्या जागी घेतली होती. त्या दिवसापासून काळजी या शब्दावर तिचा विश्वास राहिला नाही. हवा कुठून येते, कुठं जाते, एवढंच ती विचारू लागली. तिच्या वॉर्डात खिडकीच्या गजाला बँडेजची एक बारीक पट्टी बांधलेली असे. पट्टी ज्या अंगाला हले त्या अंगाला उभं राहायचं नाही.

नोव्हेंबरमध्ये दवाखान्यानं नर्सेससाठी तास ठेवला, आपण स्वतःला संसर्गापासून कसं वाचवायचं यावर, आणि बोलायला तिला उभं केलं. तिनं फळ्यावर चेहरा काढला, बाण काढले. "निळा मास्क घालणाऱ्याला वाचवत नाही," ती म्हणाली होती. "तो समोरच्याला वाचवतो, आपल्या थुंकीपासून. आपल्याला वाचवतो तो हा पांढरा, आणि तोही चेहऱ्याला चिकटला तरच." दारात केशरबाई उभी होती, हातात थुंकीच्या डब्यांची बादली. तिच्या तोंडावर निळा मास्क होता, कारण ठेकेदाराच्या माणसांना निळेच मिळत. बाण संपेपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "मंग मी कोनाले वाचवून राहिली वो शिस्टर?" सगळ्या हसल्या. आकांक्षाही हसली, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली.

आता तो प्रश्न या खोलीत येऊन उभा राहिला होता. पन्नास जणी त्या तासाला बसल्या होत्या, वही उघडून. ज्या बाईला बसायला जागा नव्हती, तिलाच तेवढं समजलं होतं.

तिनं मंगळवारची पिशवी उघडली, तो मास्क नीट तपासून, झुळुकीकडे लक्ष देऊन लावला, आणि आधी विमल मॅडमकडे गेली. विमल मॅडम वॉर्डाच्या इन्चार्ज. बावन्न वर्षांच्या, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, टेबलावर सगळ्या वस्तू काटकोनात. तीन वर्षांपूर्वी त्यांनाच क्षय झाला होता. सहा महिने गोळ्या घेऊन त्या बऱ्या झाल्या आणि त्याच खुर्चीवर परत आल्या. दवाखान्याच्या कागदावर तेव्हा लिहिलं गेलं, घरातून संसर्ग झाला असावा. घरी त्यांचे वडील होते फक्त, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, वकिली सोडून वीस वर्षं झालेले, ज्यांना साधी सर्दीही होत नसे. कागदाखाली मॅडमनी सही केली होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे.

"चोरी आहे ही," मास्क न पाहताच मॅडम म्हणाल्या. "नाव लिहून दे. मी वर पाठवते. ठेकेदार उद्या दुसरी बाई देईल."

"दुसरीलाही निळाच मास्क मिळेल, मॅडम."

"तो आपला प्रश्न आहे का?"

"वॉर्डातली हवा एकच आहे."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "तू हुशार आहेस, आकांक्षा. पण फार पुस्तकी बोलतेस. हे बघ, कपाटात नवे मास्क आहेत, त्यातला एक तुला देते. पण देताना अपघाताच्या नोंदवहीत कारण लिहावं लागतं. मास्क खराब कसा झाला, कोणी केला. नाव नसेल तर मी नवा कशाच्या आधारावर देऊ? तीन वाजता वही वर जाते. तोपर्यंत सांग."

नोंदवही टेबलावरच होती, हिरव्या कापडी पाठीची. आकांक्षानं ती दोन वर्षांत एकदाच उघडून पाहिली होती. सुई टोचली, काच लागली, थुंकी अंगावर उडाली, सगळ्यांसाठी रकाने आखलेले, आणि पानामागून पान कोरं. या कोऱ्या पानांचं तपासणीच्या वेळी कौतुक व्हायचं. काही घडलंच नाही याचा पुरावा म्हणून ती दाखवली जायची. आज तिच्यात पहिलं नाव लिहिलं जायचं होतं, आणि ते केशरबाईचं, चोर म्हणून.

वॉर्डात शिरताच तिनं खिडक्या उघडायला सुरुवात केली. रात्रीतून कोणीतरी त्या लावायचंच.

"शिस्टर, लावा ना वो ते," सहा नंबरवरून मोतीराम कण्हला. कानाला मफलर, डोळे मिस्कील. "थंडीनं जीव चालला माझा."

"थंडीनं नाही जात जीव, मोतीरामभाऊ. घोंगडं घ्या दुसरं."

"तुमी मले आधी मारान, मंग बरं करान."

"खोकताना तोंड भिंतीकडे. तिकडे. हां."

तिनं बँडेजची पट्टी पाहिली आणि पलंगाच्या डाव्या अंगाला गेली. नाडी, ताप, गोळ्या तिच्यासमोर गिळल्या की नाही. हात काम करत होते. डोकं मात्र नाव लिहायचं की नाही या एकाच प्रश्नात अडकलं होतं. नाव लिहिलं तर केशरबाई उद्या नाही. नाही लिहिलं तर एक मास्क कमी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कारण जिला एकदा कळलं की निळ्यानं आपण वाचत नाही, ती पुन्हा निळ्यावर कशी राहील? आकांक्षा राहिली असती का? सात नंबरचा पलंग रिकामा होता. गादी गुंडाळलेली, लोखंडी जाळीवर औषधाचा ओला वास. तिनं कार्ड पाहिलं. कालची तारीख, दुपार. ती अंकुरला छातीशी धरून बसली होती तीच वेळ.

मागच्या बाजूला, नळाच्या ओट्यापाशी, केशरबाई थुंकीचे डबे ब्लीचिंगच्या पाण्यात टाकत होती. डोक्यावर पदर, पदराखाली निळा मास्क. आकांक्षानं काहीही न बोलता सोमवारची पिशवी ओट्यावर ठेवली. केशरबाईनं पिशवीकडे पाहिलं, हात धुतले, लुगड्याला पुसले.

"तुमचाच व्हय," ती म्हणाली. "मीनंच लावला."

"किती दिवसांपासून?"

"तीन आइतवार झाले. तुमी तं सांगतलं होतं, निळ्यानं आपलं काई होत नाई मनून. आन तुमचा आइतवारी पिशवीत आराम करून राह्यते. मी मनलं, वाळूनच राहिला, उलसा लावला तं काय झिजते? परत ठेवतानी तुमच्यावानीच ठेवो. पिशवीची घडी बी तशीच. काल तेवढी घाई झाली. सात नंबरले रगत पडून राह्यलं होतं, पाह्यलं नसन तुमी. एवढं रगत." तिनं दोन्ही हातांनी जागा दाखवली. मग आवाज उतरला. "मले काढतेत काय?"

आकांक्षाला या क्षणी राग येत नव्हता, आणि तो येत नाही याचं आश्चर्यही वाटत नव्हतं. तिला कुतूहल वाटत होतं. "कसा लावत होता? दाखवा बरं."

केशरबाईनं निळा काढला, पांढरा घेतला, वरचा पट्टा ओढून डोक्यामागे नेला, खालचा मानेवर. बरोबर तशीच, फळ्यावर काढली होती तशी. पण दोन्ही पट्टे पदरावरून. सुती पदराच्या चुण्या मास्कच्या कडेखाली दोन्ही गालांवर शिरल्या होत्या, बोट जाईल एवढ्या.

"पदर काढा ना डोक्यावरचा."

"कसा काढू? मोतीरामभाऊजी हायेत ना सहा नंबरले. अकोटच्या इकडचे, आमच्या गावचे. माये भासरे लागतेत." नवऱ्याचा थोरला भाऊ, सख्खा नसला तरी गावच्या नात्यानं तोच मान. "मालक गेले मनून काय पदर सोडू का मी?"

"केशरबाई, या चुण्यांतून सगळी हवा आत येते. तुमच्या निळ्यात आणि यात काही फरक राहिला नाही."

केशरबाईनं मास्क खाली ओढला. "मंजे तीन आइतवार बी फुकट?"

"फुकट."

"पाहा बाप्पा," केशरबाई म्हणाली, आणि तिचं सगळं अंग हलवणारं हसू आलं. "जन्मात एक चोरी केली, ते बी फुकट गेली."

आकांक्षा हसली, या वेळी मनापासून, आणि हसता हसता तिला काय करायचं आहे ते दिसलं. नागपूरच्या एका प्रशिक्षणात तिनं ते पाहिलं होतं. माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोप, टोपात गोड पाण्याचा फवारा. आत गोड चव लागली तर मास्क गळतो. नाही लागली तर धरतो. जीभ खोटं बोलत नाही. तिथं सगळं सामान विलायती होतं. इथं खालच्या औषधाच्या दुकानात साखरेच्या रुग्णांसाठी गोड सॅकरिनच्या गोळ्या मिळतात, दम्याच्या रुग्णांना वाफ द्यायचं यंत्र वॉर्डात आहे, आणि नव्या ब्लँकेटची मोठी पारदर्शक पिशवी कपाटावर धूळ खात पडली आहे. दोन वाजता जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिनं केशरबाईला कपडे बदलायच्या खोलीत स्टुलावर बसवलं.

"आधी मास्क न लावता. तुम्हाला गोड कळतं का ते बघू. खर्रा कधी खाल्ला?"

"सकाळच्यान नाई. तुमी पिशवी ठेवली तवापासून तोंड कोरडंच पडलं."

ब्लँकेटची पिशवी डोक्यावर उतरली. तळाशी पाडलेल्या भोकातून नळी आत गेली. यंत्र घरघरू लागलं आणि धुक्यासारखा फवारा केशरबाईच्या चेहऱ्यासमोर पसरला. आकांक्षानं आकडे मोजायला सुरुवात केली. साधारण माणसाला दहाच्या आत चव कळते. दहा झाले. पंधरा झाले. केशरबाई तोंड उघडून, जीभ बाहेर काढून शहाण्या मुलासारखी बसली होती. वीस. चुना-तंबाखूनं तीस वर्षं भाजलेली जीभ; चव मेलीच असेल तर चाचणी करता येणार नाही, आणि मग हातात काहीच उरत नाही. चोवीस. पंचवीस.

"आलं," पिशवीतून आवाज आला. "बत्ताशावानी."

पंचवीस. तिनं तळहातावर लिहून ठेवलं. मग केशरबाईनं पाण्यानं चूळ भरली आणि पदरावरून मास्क लावला. बोलत राहायचं होतं, जबडा हलला पाहिजे. "काय बोलू?" "काहीही. थांबू नका." केशरबाई बोलू लागली आणि आकांक्षाला आधी कळेना ती काय बोलते आहे. "एक नंबर, मूर्तिजापूरवाला, पिवळा डबा. दोन नंबर, मास्तर, डबा झाकत नाई. तीन नंबर, ते पोरगं, आता कमी पडते, दोन येळचाच. चार नंबर—" आणि सव्वीस-सत्तावीसला थांबली. "गोड लागून राह्यलं."

पदर खांद्यावर आला. आकांक्षानं तिच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर वरचा पट्टा उंच बसवला, खालचा अंबाड्याखाली नेला, पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी तिच्या रुंद नाकावर दाबली. आता ती पट्टी जागच्या जागी बसली. ती याच नाकाची होती. सैल पडलेला पट्टा तिच्या चेहऱ्याला नेमका ताणला गेला. मग पट्ट्यांवरून पदर पुन्हा डोक्यावर, कडा मास्कला न लागू देता.

"आधी पट्टा, मग पदर," आकांक्षा म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

यंत्र सुरू झालं. "एक नंबर," केशरबाईनं पहिल्यापासून घेतलं, मान वर, मान खाली, डावीकडे, उजवीकडे, सांगितलं तसं. पलंगामागून पलंग. डब्याचा रंग, कोण झाकतो, कोण रडतो, कोणाकडे कोणी येत नाही. सहा नंबरला तिनं नाव घेतलं नाही, नुसतं भाऊजी म्हणाली. सात नंबरला म्हणाली, "काल गेला. नाव नाई सांगता येत. पन दोन महिने डबा हातात द्याचा. खाली कदी ठेवला नाई त्यानं, मले वाकाले लागू नये मनून." आकांक्षा मोजत होती. चाळीस. पन्नास. साठ. एवढे महिने ती त्याच पलंगांमधून हिंडली होती, खिडकीतली पट्टी कुठं हलते ते पाहत, आणि सात नंबरच्या माणसाचं तिला फक्त वजन आठवत होतं.

"लागतंय काही?"

"काई नाई लागत वो शिस्टर. काईच नाई."

दारात विमल मॅडम उभ्या होत्या. कधीच्या, ते कळलं नाही. तीन वाजून गेले होते. काखेत हिरव्या पाठीची वही. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, पिशवीतल्या केशरबाईकडे पाहिलं, पट्ट्यांवरून घेतलेल्या पदराकडे पाहिलं.

"नाव?" त्या म्हणाल्या.

"मी चोरीचं नाव नाही लिहिणार, मॅडम," आकांक्षा म्हणाली. आवाज तिला वाटला होता तसा कापला नाही. "लिहायचं तर असं लिहीन की हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या वॉर्डात काम करणाऱ्या बाईला मास्क दिलेला नाही, म्हणून तिनं माझा लावला, आणि तो वेडावाकडा झाल्यानं आम्हा दोघींनाही धोका झाला. कोणी शिकवलं असं विचारलं तर माझं नाव लिहा. तसं वर गेलं तर मला काय होईल ते होऊ दे."

केशरबाईनं पिशवी डोक्यावरून काढली आणि स्टुलावरून उठली, जागा मोकळी करून द्यावी तशी. मॅडम कितीतरी वेळ त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी आपल्या नावाखालची सोमवारची पिशवी खिळ्यावरून काढली.

"माझा बघ," त्या म्हणाल्या.

आकांक्षानं ब्लँकेटची पिशवी आतून पुसून घेतली. आधी मास्क न लावता. सातव्या आकड्याला मॅडमना चव कळली. त्यांनी चूळ भरली आणि मास्क लावला, सव्वीस वर्षांच्या नोकरीतल्या हातांनी, झटकन, एका हाताच्या चिमटीनं. आकांक्षानं यंत्र सुरू केलं. फवारा पसरला. धुक्याआड मॅडमचा चेहरा अस्पष्ट झाला, नुसते डोळे. "बोला, मॅडम." "माझे वडील," त्यांनी सुरुवात केली, "माझे वडील रोज सकाळी..." आणि चार आकड्यांत थांबल्या.

आजची फट तीन वर्षांपूर्वीचं काहीच सिद्ध करत नाही, हे आकांक्षाला नेमकं माहीत होतं. त्या वर्षी मास्क वेगळा असेल, चेहरा भरलेला असेल, खिडक्या बंद असतील. कोणत्याही कागदावर हे पुरावा म्हणून टिकलं नसतं. पण घरून आलं असावं हेही टिकलं नसतंच, आणि ते मात्र सहीनिशी लिहिलं गेलं होतं. केशरबाई हलकेच म्हणाली, "बाई, गोड लागलं काय वो?"

धुक्यातली मान एकदा खाली आली.

मग पिशवीच्या खालून एक हात बाहेर आला, इस्त्रीच्या काठाचा, बोटं पसरलेली, स्टुलाशेजारी ठेवलेल्या वहीकडे. आकांक्षानं वही त्या हातात दिली. मॅडमनी पिशवी डोक्यावरून ओढून काढली. केस विस्कटले होते, ते त्यांनी नीट केले नाहीत. पहिलं कोरं पान मांडीवर उघडलं आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"तीन नावं लिहायची आहेत," त्या म्हणाल्या. "केशरबाईचं, तुझं. पण क्रमानं लिहू. आधी माझं."

त्यांनी तारखेच्या रकान्यात तीन वर्षांपूर्वीची तारीख घातली.